पोरांच्या नावावर काय आहे?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण कापसाच्या खरेदी केंद्रांवर, सोयाबीनच्या ओलाव्याच्या नावाखाली होणाऱ्या कपातीवर आणि विजेच्या बिलांवर बोललो. आता जेवणाच्या आधीचा अर्धा तास आम्हाला दिला आहे. विषयाचे नाव ऐकल्याबरोबर मागच्या बाजूचे काही भाऊ बिडी ओढायला बाहेर गेले, हे आम्ही पाहिले. त्यांच्यावर राग नाही. शेतकऱ्यांच्या बैठकीत पोरांच्या गोष्टींच्या पुस्तकांचे काय काम, असे दोन वर्षांपूर्वी आम्हालाही वाटले असते.

सुरुवातीला एकच प्रश्न विचारतो. तुमच्या घरात दहा वर्षांच्या आतले जे पोर आहे, त्याच्या स्वतःच्या मालकीचे घरात काय आहे? अंगातला सदरा थोरल्याचा असतो. दप्तर मामाच्या पोराचे. पाठ्यपुस्तक सरकारने दिलेले, आणि बऱ्याच शाळांत वर्ष संपले की पुढच्या पोरांसाठी ते परत मागतात. अंथरूण सगळ्यांचे मिळून एक. मग त्याचे स्वतःचे काय? आम्ही गावोगाव हा प्रश्न विचारला तेव्हा बायाबापड्या थोडा वेळ विचार करत आणि बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येई. करडू. शेळी व्याली की एक करडू पोराच्या नावाने सोडायचे, अशी रीत अजून अनेक घरांत आहे. आणि त्या करडाचे पुढे काय होते तेही तुम्हाला ठाऊक आहे. पोर शाळेतून आले की दप्तर फेकते आणि आधी करडाकडे पळते. बाभळीच्या शेंगा गोळा करते. रात्री पाऊस आला तर आपण हाक मारायच्या आत उठून त्याला आत घेते. बापाच्या दहा शेळ्यांना पाणी पाज म्हटले तर तेच पोर तोंड वाकडे करते. सामाईक बांधावरच्या झाडाला कोणी पाणी घालत नाही, आणि स्वतःच्या झाडाला पोरसुद्धा हंड्याने पाणी आणते. मालकी म्हणजे काय हे शेतकऱ्याला कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही.

आपल्या चळवळीतल्या जुन्या माणसांना १९८६ चे चांदवड आठवत असेल. नोव्हेंबरात तिथे शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले, लाखांनी बाया आल्या. त्यानंतरच्या वर्षांत लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. नवऱ्याने आपणहून जमिनीचा एक तुकडा घरधनिणीच्या नावाने सातबाऱ्यावर चढवायचा. तेव्हा लोक हसले होते. जमीन घरातच राहणार, नांगर तोच, बैल तेच, मग नाव बदलून काय होणार? ज्यांनी केले त्यांना विचारा काय झाले. त्या बाईच्या बोलण्यातला फरक घराने पाहिला, गावाने पाहिला. आज आम्ही जे मांडणार आहोत ते त्याच रस्त्यावरचे पुढचे लहानसे पाऊल आहे. पोराच्या नावाने पुस्तक. शाळेचे नाही, वाचनालयाचे नाही, परत करायचे नाही. त्याच्या नावाचे.

आता कोणी म्हणेल, वाचण्याचे एवढे काय घेऊन बसलात? तर थोडा इतिहास आठवा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले आणि तो वणवा पुणे-नगरच्या गावांतून पसरला. लोक दंगा म्हणतात. पण त्या दंग्यात शेतकऱ्यांनी सहसा सावकाराच्या जिवाला हात लावला नाही. त्यांनी मागितले काय? कर्जरोखे, खतपत्रे, वह्या. जिथे दिल्या तिथे त्या जाळल्या आणि लोक घरी गेले. का? तर त्या कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा उमटवणाऱ्याला वाचता येत नव्हते. शंभर घेतले की दोनशे, व्याज किती, मुदत कधीची, हे सगळे ज्याला अक्षर येते त्याच्या हातात. जो कागद वाचता येत नाही त्याच्याशी लढण्याचा एकच मार्ग उरतो, काडी लावणे. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, त्यात शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर करायची तरतूद आली. म्हणजे सरकारनेही मान्य केले की रोग कागदात आहे. आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतिराव फुल्यांनी जे निवेदन दिले त्यात हाच हिशेब मांडला. सरकारची तिजोरी भरते रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या थरांच्या पोरांवर. आधी प्राथमिक शिक्षण द्या, असे त्यांचे मागणे होते. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला.

दीडशे वर्षांत कागद बदलला, अंगठ्याच्या जागी सही आली. पण पीकविम्याच्या अर्जावर सही करताना आपल्यातले किती जण तो अर्ज वाचतात? फेरफाराची नोटीस चावडीवर लागते ती कोण वाचतो? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. वाचता आले असते तर ते वाचले असते, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मेलेल्या माणसावरच दोष ढकलायची ही रीत सरकारी आहे, आपली नाही. पंपाची, हातमोज्यांची, मिसळून विकलेल्या औषधांची, दवाखान्यात मिळालेल्या उपचारांची, सगळ्यांची त्यात जबाबदारी होती. पण त्या डब्यासोबत जी घडीपत्रिका येते ती कधी उघडून पाहा. मुंगीच्या पायाएवढी अक्षरे आणि एकेक वाक्य चार ओळींचे. अशी पत्रिका चिकाटीने शेवटपर्यंत वाचायची सवय सातवी-आठवी पास झाल्याने लागत नाही. आमच्यात बारावी झालेले लोक आहेत, त्यांनाही ती लागलेली नाही. अक्षर येणे निराळे आणि वाचन येणे निराळे.

शाळा आहे ना त्यासाठी? शाळा आहे. पट शंभर टक्के आहे. पण ‘असर’ नावाची पाहणी २००५ पासून खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन होते. मुलाच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा देतात आणि वाच म्हणतात. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांमधल्या पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांना तो वाचता आला. म्हणजे पाचवीत बसलेल्या निम्म्याहून अधिक पोरांना दुसरीचे वाचता येत नाही. २०२२ मध्ये, टाळेबंदीनंतर, हा आकडा ३८.५ होता, तेव्हापासून सुधारला हे खरे. सुधारून इथपर्यंत आला आहे. आपल्या मालाची उगवण अशी झाली असती तर आपण बियाणे कंपनीच्या दारात बसलो असतो.

मास्तरांना शिव्या देण्यासाठी आम्ही उभे नाही. एका शाळेचे सांगतो, नाव घेत नाही, कारण तुमच्याही गावात तीच परिस्थिती असेल. आम्ही गेलो तेव्हा वर्गाच्या कोपऱ्यात लोखंडी कपाट होते. काचेतून पुस्तके दिसत होती, चांगली रंगीत चित्रांची, सरकारनेच पाठवलेली. कपाटाला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांकडे. आम्ही विचारले, पोरांना देत नाही का? ते गृहस्थ प्रामाणिक होते. म्हणाले, ही पुस्तके डेडस्टॉक रजिस्टरला लागली आहेत. एक फाटले, एक हरवले तर तपासणीच्या वेळी जाब मला द्यावा लागतो, बदली होताना चार्ज देता येत नाही. म्हणून वर्षातून एकदा वाचन प्रेरणा दिनाला काढतो, फोटो काढतो आणि मोजून आत ठेवतो. आता सांगा, दोष कोणाचा? सरकारने पुस्तक पाठवले ते पोरासाठी नाही, नोंदवहीसाठी पाठवले. ज्या मालाला मालक नसतो त्याला राखणदार लागतो, आणि राखणदार कुलूप लावतो. अन्नधान्य महामंडळाच्या गोदामाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, ही तीच गोष्ट लहान कपाटात.

आणि कपाट उघडे असते तरी एक अडचण राहतेच. लहान पोर पुस्तक कसे वाचते हे नीट पाहा. मोठा माणूस एकदा वाचतो आणि बाजूला ठेवतो. पोर तेच पुस्तक तीस वेळा वाचते. पहिल्यांदा चित्रे पाहते. मग कोणाकडून तरी ऐकते. मग ऐकलेले पाठ होते आणि ते पुस्तकावर बोट ठेवून वाचल्याचे सोंग करते. आपण म्हणतो, वाचत नाही, पाठ म्हणतेय. म्हणू द्या. तोंडात वाक्य आहे आणि बोटाखाली अक्षर आहे, हे दोन्ही कधीतरी एका जागी जुळते. ‘हत्ती’ म्हणताना बोट कुठे होते ते कळते, मग तेच ‘त्ती’ दुसऱ्या पानावर ‘पत्ती’त सापडते. बाराखडी घोकून जे जोडाक्षर वर्षभर बसत नाही ते असे एका दुपारी बसते. पण त्यासाठी पुस्तक तीस दिवस उशाशी हवे. सात दिवसांच्या बोलीने आणलेले पुस्तक पाठ व्हायच्या आत परत जाते.

ऊसतोडीला जाणाऱ्या भावाबहिणींच्या पोरांचा तर विचारच करा. दसरा-दिवाळीनंतर बीडकडून, नगरकडून गाड्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता ठरलेला, पोराला मागे ठेवायला कोणी नाही. पोर कोपीत राहते, गाळप संपेपर्यंत. शाळा त्या पोराला पुस्तक देत नाही, कारण ते परत कोण आणून देणार? वाचनालयाचे कार्ड त्या गावाला नाही. सहा महिने त्या पोराच्या डोळ्यांसमोर छापलेले अक्षर येते ते खताच्या गोणीवरचे, नाहीतर गुटख्याच्या पुडीवरचे. त्या बोचक्यात, भांड्याकुंड्यांत, दोन पुस्तके त्याची स्वतःची असली तर ती बरोबर जातात. जे स्वतःचे असते तेच बिऱ्हाडासोबत फिरते.

आता एक परदेशातली गोष्ट सांगतो. अमेरिका म्हटले की आपल्याला हजार एकरांचा शेतकरी दिसतो. पण टेनेसी राज्याच्या डोंगरात, सेव्हियर परगण्यात, आपल्यासारखेच कुडाच्या घरातले शेतकरी होते. रॉबर्ट ली पार्टन हा त्यांतला एक. दुसऱ्याच्या जमिनीत बटाईने राबायचा, पुढे थोडी तंबाखू स्वतः करायचा. बारा पोरे. १९४६ साली चौथे पोर झाले तेव्हा डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते म्हणून मक्याच्या पिठाचे पोते दिले. हा माणूस हिशेबाला पक्का, व्यवहारात हुशार, पण त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. ते चौथे पोर म्हणजे डॉली पार्टन, पुढे फार मोठ्या गायिका झाल्या. पैसा आला. १९९५ साली त्यांनी आपल्याच परगण्यात एक काम सुरू केले आणि त्याचे कारण सांगताना त्या बापाचे नाव घेतात. एवढा शहाणा माणूस, आणि अक्षर येत नाही याची लाज आयुष्यभर मनात बाळगून राहिला.

काम साधे आहे. परगण्यात जन्मलेल्या प्रत्येक पोराला, गरीब-श्रीमंत न बघता, जन्मल्यापासून पाच वर्षांचे होईपर्यंत दर महिन्याला एक पुस्तक टपालाने. म्हणजे साठ पुस्तके. आणि टपालावर नाव बापाचे नाही, आईचे नाही, पोराचे. पोस्टमन दारात येतो आणि तीन वर्षांच्या पोराच्या नावाने हाक मारतो, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. आपल्या घरात अशी हाक कधी आली आहे का? नोटीस आली तर बापाच्या नावाची. पुढे ती योजना इतर राज्यांत गेली, मग कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, आयर्लंडमध्ये. आजवर वीस कोटींहून अधिक पुस्तके पोरांच्या घरी गेली आहेत. ली पार्टन २००० साली वारले, पण काम सुरू झालेले त्यांनी पाहिले. पोरे आपल्या मुलीला ‘पुस्तकवाली बाई’ म्हणतात, याचा त्यांना गाण्यांपेक्षा जास्त अभिमान वाटे, असे त्या सांगतात.

हे ऐकून कोणी म्हणेल, कोट्यधीश गायिका आहे, वाटते. तसे नाही, आणि आपल्या कामाचा मुद्दा इथेच आहे. पुस्तके निवडणे, याद्या सांभाळणे, छपाईवाल्याशी भाव ठरवणे हे त्यांची संस्था करते. पण पुस्तकाची किंमत आणि टपालखर्च प्रत्येक गावातली माणसे उभे करतात. तिथले वाचनालय, तिथला क्लब, तिथली पतपेढी. टेनेसीत तर २००४ पासून राज्य सरकारही खर्चाचा वाटा उचलते. गावाने हात घातला नाही तर त्या गावात योजना नाही.

याचा उपयोग होतो का? २०१० साली २७ देशांतल्या सत्तर हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आईबापाचे शिक्षण आणि धंदा सारखाच धरला तरी, ज्या घरात पाचशेच्या आसपास पुस्तके होती तिथली मुले बिनपुस्तकांच्या घरातल्या मुलांपेक्षा सरासरी तीन वर्षे अधिक शिकलेली निघाली. पाचशे ऐकून घाबरू नका. पहिल्या वीस-पंचवीस पुस्तकांनीसुद्धा फरक पडतो, आणि कमी शिकलेल्या आईबापांच्या घरी तो अधिक पडतो. आता सावधपणे सांगायचे तर, ज्या घरात पुस्तके असतात त्या घरात आणखीही काही निराळे असणार. पुस्तक म्हणजे युरिया नव्हे, टाकले आणि हिरवे झाले. आम्ही तेवढा दावा करत नाही.

आता आपल्यातला मोठा आक्षेप. तालुक्याच्या बैठकीत एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हाला उभे राहून विचारले, आयुष्यभर आपण ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणत आलो, आणि आता तुम्ही पोरांना फुकट पुस्तके वाटणार? उद्या फुकट साडी वाटाल. हा आक्षेप आम्हाला लागला. आणि खरे सांगायचे तर पहिल्या वर्षी आम्ही त्याच वाटेने गेलो होतो.

पहिल्या वर्षी काय केले ते ऐका, म्हणजे तुम्ही करणार नाही. एका व्यापाऱ्याने देणगी दिली. त्या पैशात शहरातल्या दुकानातून गठ्ठा आणला, स्वस्तात मिळाला म्हणून. उघडून पाहिला तर निम्मी थोर पुरुषांची चरित्रे, न खपलेली, आणि उरलेली स्पर्धा परीक्षांची. पहिली-दुसरीच्या पोराला ती देऊन उपयोग काय? कार्यक्रम ठेवला, पाहुणे बोलावले, पोरांना उन्हात दोन तास बसवले, हार झाले, फोटो झाले. महिन्याने घरोघर गेलो. एका घरी पुस्तक माळ्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, साहेबांनी दिलेले खराब होऊ नये म्हणून. दुसऱ्या घरी बापाने पोराला मारले होते, पान फाडले म्हणून. आणि एक दुसरीतली मुलगी आम्हाला बघताच आत पळाली आणि पुस्तक घेऊन आली. आम्ही खूश झालो. तिने ते आमच्या हातात दिले आणि म्हणाली, झालं वाचून, घ्या. तिला वाटले आम्ही परत न्यायला आलो आहोत. तुझेच आहे ग, म्हटले तरी तिला पटेना. तिच्या आईलाही पटेना. आम्ही परत निघालो तेव्हा ती आमच्या मागे दारापर्यंत पुस्तक घेऊन आली होती.

त्या दिवशी आम्हाला कळले की फुकट वाटलेले पुस्तक मालकीचे होत नाही. देणारा डोक्यावर उभा राहतो.

म्हणून दुसऱ्या वर्षी देणगी बंद केली. हिशेब असा मांडला. लहान मुलांचे चांगले चित्रांचे पुस्तक पन्नास-साठ रुपयांना मिळते. साठ धरा. महिन्याला एक म्हटले तर वर्षाचे सातशेवीस. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला, म्हणजे साडेतेरा किलो सोयाबीन. तो भाव बाजारात मिळत नाही हे आम्ही सकाळीच बोललो, तेव्हा सोळा-सतरा किलो धरा. एका कट्ट्याचा तिसरा हिस्सा. कोणी म्हणेल, तेवढेही नाहीत. आम्हाला ठाऊक आहे. शेतीमालाला भाव न मिळण्याचा खर्च कोण देते, तर घरातली बाई आणि पोर. बाईचे दागिने जातात आणि पोराची पुस्तके येतच नाहीत. पण भाव मिळेल तेव्हा मिळेल, तोवर पोर सहा वर्षांचे राहत नाही. कापूस घरात ठेवून भावाची वाट बघता येते, पोराला तसे घरात साठवून ठेवता येत नाही.

आम्ही ठरवले, ज्याच्याकडे आहेत त्याने माल घातल्यावर पट्टीतून पूर्ण द्यावेत. ज्याच्याकडे कमी आहेत त्याने दहा रुपये द्यावेत, बाकीचे गावाच्या पेटीतून. पण काहीतरी द्यायचेच, आणि ते पोराच्या हाताने द्यायचे. गावच्या बाजारादिवशी कार्यकर्ते सतरंजी पसरतात, पुस्तके मांडतात आणि पोर स्वतः निवडते. आपण बोलायचे नाही. हेच घे, हे ज्ञानाचे आहे, असे बापाने म्हटले तर बापाला चहा प्यायला पाठवायचे. पोराने भुताचे घेतले तर भुताचे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर कार्यकर्त्याने पेनाने नाव लिहायचे, मुलाचे, मग आईचे, मग बापाचे. सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आईचे नाव लावायचा नियम केला, आपण चळवळीत हे आधीपासून बोलत होतो, तेव्हा पुस्तकावर ते असायलाच हवे. ते नाव लिहिताना पोराचा चेहरा बघण्यासारखा असतो. आम्ही त्यावर भाषण करत नाही, एकदा येऊन पाहा.

आणि फाडले तर? फाडू द्या. करडू मेले तर आपण पोराला मारत नाही. मालकी म्हणजे खराब करण्याचा हक्कही.

आई-बापाला वाचता येत नसेल तर? पुस्तक उघडून चित्रावरून सांगा. ज्या बायांना जात्यावर शंभर ओव्या सुचल्या त्यांना चित्रातल्या माकडाची गोष्ट सुचत नाही असे म्हणू नका. अहिराणीत सांगा, वऱ्हाडीत सांगा. मेळघाटातल्या कोरकू घरात कोरकूत सांगा. शाळेच्या मराठीची आणि घरच्या बोलीची गाठ पडायला हीच जागा चांगली आहे, तिथे कोणी लाल पेन घेऊन बसलेले नाही. आमच्या एका गावात एक आजी नातवाला रोज म्हणते, मला वाचून दाखव, मला दिसत नाही. दिसत नाही हे खोटे आहे, तिला अक्षर येत नाही. पण नातू रोज वाचतो.

मोबाइलचे काय, हा प्रश्न तरुण विचारतात. मोबाइलवर आज भरपूर आहे आणि ते आम्ही वापरतो. ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट मिळतात, बालभारतीने १९७१ पासून काढलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही मिळतात. कार्यकर्त्याने ते बघून निवड करायला, एखादी गोष्ट छापून काढायला फार चांगले. पण मोबाइल बापाचा असतो आणि बाप शेतात असतो. संध्याकाळी हातात आला तर पोर गोष्ट उघडत नाही, काय उघडते ते तुम्ही जाणता. साताऱ्यात भिलारला २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले, स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या घरांतून कपाटे लागली. जरूर जाऊन या. मात्र ते पाहुण्यांनी येऊन वाचायचे आहे. पोराने उशाशी घेऊन झोपायचे पुस्तक निराळे.

सरकारकडे आपण पुस्तके मागत नाही, एवढे स्पष्ट करतो. सरकारने आडवे येऊ नये एवढेच मागतो. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुकपोस्टची स्वस्त सोय बंद केली. ओरड झाल्यावर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आणले, ३०० ग्रॅमला वीस रुपये ते पाच किलोला शंभर, वर कर. पाच किलोचा गठ्ठा एका गावाला पुरतो, तेव्हा एकेकट्याने मागवू नका, गावाचा गठ्ठा करा. दुसरे, पुस्तकावर जीएसटी नाही असे सरकार अभिमानाने सांगते. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छपाईच्या कागदावरचा कर १२ वरून १८ टक्के केला. वह्यांच्या कागदाला सूट दिली, पुस्तकांच्या कागदाला नाही. तयार मालावर कर नाही म्हणून कच्च्या मालावरच्या कराचा परतावाही नाही, तो किमतीत मिसळतो. शेतीमालावर कर नाही म्हणून सांगायचे आणि औषध, ठिबक, ट्रॅक्टरवर घ्यायचा, हा आपल्या ओळखीचाच डाव आहे. आजच्या ठरावांत ही एक ओळ घालावी, अशी अध्यक्षांना विनंती आहे.

बोलायचे एवढेच होते. मंडपाच्या डाव्या बाजूला सतरंजीवर पुस्तके मांडली आहेत. जेवणाची पंगत बसायला अजून वेळ आहे, तेवढ्यात ज्या बहिणींनी पोरे बरोबर आणली आहेत त्यांनी त्यांना तिकडे सोडावे आणि आपण इकडेच बसावे. किंमत पुस्तकामागे लिहिली आहे. ज्यांची पोरे घरी आहेत त्यांनी आज पुस्तक नेऊ नये. आपल्या गावच्या बाजाराचा वार आणि एका कार्यकर्त्याचे नाव तिथल्या वहीत लिहून द्यावे, आम्ही गठ्ठा घेऊन येतो. बाहेर बिडी ओढत असलेल्या भावांनाही कोणीतरी निरोप सांगा.